आयएस-एलएम प्रतिमान: सरकारी खर्चाचा परिणाम अर्ध्यावर का येतो?

आयएस-एलएम हे देशातील एकूण उत्पन्न आणि व्याजदर एकाच वेळी कसे ठरतात हे दाखवणारे प्रतिमान आहे. विद्यापीठातील मध्यम स्तरावरील समग्रलक्षी (स्थूल) अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्याला मध्यवर्ती स्थान असते.

उगम

जॉन मेनार्ड केन्स यांचा ‘जनरल थिअरी’ हा ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जॉन हिक्स यांनी ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकातील लेखात त्यातील विचार एका आकृतीत मांडला. अमेरिकेत अल्विन हॅन्सन यांनी ही मांडणी रूढ केली.

दोन रेषा

आयएस रेषा वस्तूंच्या बाजाराची. व्याजदर वाढला की कर्ज महागते, गुंतवणूक घटते आणि उत्पन्नही घटते. म्हणून ही रेषा खाली उतरते.

एलएम रेषा पैशाच्या बाजाराची. उत्पन्न वाढले की व्यवहारांसाठी लोकांना जास्त पैसा हाताशी लागतो. पैशाचा पुरवठा तेवढाच राहिला तर व्याजदर चढतो. म्हणून ही रेषा वर जाते.

दोन्ही रेषा जेथे छेदतात, तेथे दोन्ही बाजार समतोलात असतात.

उदाहरण

समजा, लोक वाढीव उत्पन्नातील प्रत्येक रुपयापैकी ७५ पैसे खर्च करतात. कर आणि परकीय व्यापार सोडून देऊ. अशा स्थितीत गुणक ४ येतो. सरकारने खर्च ५० कोटींनी वाढवला, तर उत्पन्न २०० कोटींनी वाढावे, असे प्राथमिक अभ्यासक्रमात शिकवले जाते.

आता आयएसचे समीकरण उत्पन्न = १६०० − १०० × व्याजदर आणि एलएमचे उत्पन्न = १००० + १०० × व्याजदर असे धरू. समतोलात व्याजदर ३ टक्के आणि उत्पन्न १३०० कोटी येते. खर्च वाढल्यावर आयएसमधील १६०० चे १८०० होतात. नवा व्याजदर ४ टक्के, उत्पन्न १४०० कोटी. म्हणजे वाढ २०० नव्हे, फक्त १०० कोटींची. वाढलेल्या व्याजदराने खासगी गुंतवणूक मागे ढकलली. याला ‘क्राउडिंग आउट’ म्हणतात.

मात्र मध्यवर्ती बँकेने पैशाचा पुरवठा वाढवून व्याजदर ३ टक्क्यांवरच रोखला, तर उत्पन्न १५०० कोटींवर जाते. सरकारी खर्चाचा परिणाम असा बँकेच्या धोरणावरही अवलंबून असतो.

नेहमीची चूक

व्याजदर बदलला म्हणून आयएस रेषा सरकत नाही. अर्थव्यवस्था त्याच रेषेवर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जाते. सरकारी खर्च किंवा कर बदलले तर आयएस सरकते, पैशाचा पुरवठा बदलला तर एलएम. परीक्षेत उत्तर बहुधा येथेच चुकते.

मर्यादा

या प्रतिमानात किंमती स्थिर धरल्या जातात, त्यामुळे महागाईचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. शिवाय आज बहुतेक मध्यवर्ती बँका पैशाचा पुरवठा ठरवण्याऐवजी थेट व्याजदर ठरवतात. भारतात २०१६ पासून रिझर्व्ह बँकेची सहा सदस्यांची पतधोरण समिती रेपो दर निश्चित करते. म्हणून काही नव्या पाठ्यपुस्तकांत एलएम रेषा आडवी काढलेली दिसते. उत्तरायुष्यात खुद्द हिक्स यांनीही या मांडणीबद्दल शंका व्यक्त केल्या होत्या. तरीही अर्थसंकल्प आणि पतधोरण यांचा एकत्रित विचार करण्याची पहिली सवय विद्यार्थ्याला याच आकृतीतून लागते.