पुच्छचाकी विमानाची चाके व चाकावरणे

पंखांखाली दोन मुख्य चाके व शेपटीखाली एक लहान चाक अशी रचना असलेल्या विमानास पुच्छचाकी विमान म्हणतात. अशा लहान विमानाचे टायर आणि चाकांवरील प्रवाहरेखित आवरणे यांची निवड वरवर पाहता किरकोळ बाब वाटते; परंतु हवेतील वेग व जमिनीवरील सुरक्षितता या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ तीत घालावा लागतो. मुंबई परिसरातील विमानोड्डाणाच्या आरंभकाळात या निवडीला विशेष महत्त्व होते.

मुंबई परिसर : जुहू येथील विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. तो समुद्रकाठच्या सखल जमिनीवर होता आणि पावसाळ्यात तेथे चिखल होई. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ जातीचे विमान येथेच उतरविले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल मद्रासला नेले. अहमदाबाद व जुहू यांना जोडणारी सरळ रेषा वसई-विरारच्या किनाऱ्यावरून जाते. मिठागरे, खाजणे, भातखाचरे व वाळूचे पट्टे यांनी व्यापलेल्या अशा किनारपट्टीवर इंजिन बंद पडल्यास वैमानिकाला मिळणारी जमीन बहुधा मऊच असे. पावसाळ्यात जुहूचा तळ निरुपयोगी झाला की, टाटांची विमानसेवा पुण्याहून चाले. याचा अर्थ असा की, टपाल कोठे उतरावयाचे हे वर्षातील काही महिने विमानाच्या इंजिनाने नव्हे, तर त्याच्या चाकांखालील मातीने ठरविले.

पस मॉथच्या शेपटीखाली मुळात चाक नव्हते, तर ‘स्किड’ नावाची पोलादी घसरपट्टी होती. गवताळ मैदानात ती जमिनीत रुतून विमानाचा वेग कमी करी. कठीण पृष्ठाच्या धावपट्ट्या व चाकांचे ब्रेक प्रचारात आले, तसे तिचे काम संपले आणि पुच्छचाक रूढ झाले. याच विमानाच्या चाकांच्या दांड्यांवरील प्रवाहरेखित आवरणे ९० अंशांतून फिरविता येत. उड्डाणात ती हवेचा रोध कमी करीत, तर उतरताना आडवी केली की तो वाढवून विमानाला लवकर खाली आणीत. एकाच भागाकडून दोन विरुद्ध कामे करून घेण्याचे हे चांगले उदाहरण होय.

टायर : टायरच्या आकाराच्या ‘६.००–६’ या खुणेत पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा धावेचा व्यास इंचांत दर्शवितो. अशा टायरचा बाहेरील व्यास सु. ४४ सेंमी. भरतो; त्याच धावेवर बसणाऱ्या ‘८.५०–६’ टायरचा सु. ५६ सेंमी. असतो. टायर जमिनीत किती रुतेल, हे मुख्यत्वे त्यातील हवेच्या दाबावर अवलंबून असते. उदा., १९५८ मध्ये प्रथम उडालेल्या, हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनविलेल्या ‘पुष्पक’ या दोन आसनी पुच्छचाकी विमानाचे कमाल वजन सु. ६१० किग्रॅ. होते. प्रत्येक मुख्य चाकावर सु. २७५ किग्रॅ. भार धरला आणि टायरमधील दाब दर चौ. सेंमी.ला १.४ किग्रॅ. असला, तर जमिनीशी स्पर्शक्षेत्र सु. २०० चौ. सेंमी. येते. दाब निम्मा केल्यास ते दुप्पट होते व रुतणे कमी होते. म्हणूनच १९३० च्या सुमारास अमेरिकेत गुडइयर कंपनीने कमी दाबाचे फुगीर टायर प्रचारात आणले. अलास्कातील नदीकाठच्या गोट्यांवर व वाळूवर उतरणारी विमाने आजही फार मोठे, मऊ टायर वापरतात.

तथापि मोठ्या टायरचे तोटेही आहेत. त्यांचे वजन व हवेतील रोध अधिक असतो. ते विमानाचे नाक उंच करतात. त्यामुळे पंख्याच्या पात्यांना जमिनीपासून अधिक अंतर मिळते, पण वैमानिकाला समोरचे कमी दिसते. पुच्छचाकी विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. म्हणून एका चाकाला अधिक अडथळा झाल्यास विमान गर्रकन वळू पाहते आणि दोन्ही चाके एकाएकी अडल्यास ते नाकावर उलटू शकते. दाब फार कमी ठेवल्यास टायर धावेवर सरकतो व आतील नळीची झडप तुटते. हे सरकणे वेळीच कळावे म्हणून टायर व धाव यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढतात.

चाकावरणे : हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अमेरिकेतील लँग्ली प्रयोगशाळेत १९२० नंतरच्या दशकात एका लहान विमानावर केलेल्या वातविवरातील चाचण्यांत एकूण रोधापैकी सु. ४० टक्के भाग उघड्या चाकांचा व त्यांच्या दांड्यांचा असल्याचे आढळले. त्यानंतर चाकांवर थेंबाच्या आकाराची आवरणे बसविण्याची प्रथा वाढली. बुटावर घालावयाच्या आवरणाच्या नावावरून त्यांना ‘स्पॅट’ म्हणतात. मंदगती प्रशिक्षण विमानास त्यांचा लाभ थोडा. लांब पल्ल्याच्या जलद विमानास तो इंधनाच्या बचतीत दिसतो.

कोकणासारख्या प्रदेशात मात्र आवरण हेच संकटाचे कारण होऊ शकते. टायर व आवरण यांमधील अरुंद पोकळीत ओली माती व गवत साचते, वाळून घट्ट होते व पुढील उड्डाणाच्या वेळी चाक जखडते. पुच्छचाकी विमानाच्या बाबतीत असे चाक किती धोकादायक, हे वर सांगितलेल्या गुरुत्वमध्याच्या स्थानावरून ध्यानात येईल. शिवाय आवरणाखाली टायरवरील चिरा, कमी झालेला दाब आणि खाऱ्या हवेने गंजलेली धाव सहज दिसत नाही. यास्तव गवताळ तळावरील विमानाची आवरणे पावसाळ्यात काढून ठेवणे, पोकळी ऐसपैस ठेवणे आणि चाके धुऊन तपासणे हा शहाणपणाचा परिपाठ होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर पक्क्या धावपट्ट्या वाढल्या आणि नाकाखाली चाक असलेली विमाने प्रशिक्षणात रूढ झाली. जुहूचा तळ आता मुख्यत्वे हेलिकॉप्टरांसाठी वापरला जातो. टाटांनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ विमानातून कराची–मुंबई उड्डाणाची पुनरावृत्ती केली, तेव्हा पहिल्या उड्डाणाच्या काळातील चिखलाचा तळ उरला नव्हता. ज्या तळावर उतरावयाचे तो पाहून टायर निवडावा व ज्या वेगाने उडावयाचे तो पाहून आवरण. आणि दोहोंत विरोध आल्यास तळाला अग्रक्रम द्यावा, हा त्या काळातून निघणारा नियम मात्र अद्याप टिकून आहे.