खडकीचं काडतूस, कॅसल हिलचा तराजू

कॅसल हिलमध्ये माझ्या घराला लागून राहणाऱ्या गृहस्थांनी परवा माझ्या तळहातावर एक पितळी नळकांडं ठेवलं. .३०३ रायफलीचं, उडवून झालेलं, रिकामं. बुडाशी दोन अक्षरं ठोकलेली होती: के आणि एफ. ‘‘हे तुझ्या गावचं,’’ ते म्हणाले. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. आपली खडकी! खडकी बाजारावरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण तिथल्या कारखान्यातून निघालेली वस्तू पहिल्यांदा हातात घेतली ती सिडनीतल्या एका गराजमध्ये.

या गृहस्थांचा छंद म्हणजे काडतुसं पुन्हा भरणं. गोळी उडून जाते, पितळी नळी मागे उरते. तिच्या तळाची जळलेली टोपी (प्रायमर, म्हणजे दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण) काढायची, नळी साच्यातून दाबून मूळ मापाला आणायची, नवी टोपी, मोजलेली दारू, नवी गोळी. पैसे वाचतात हा एक भाग, पण खरा हेतू तो नाही. हेतू आहे शंभर काडतुसं एकासारखी एक करण्याचा. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. आमचे शेजारी त्या ग्रेनचाही दहावा भाग बघतात. का, ते लांब पल्ल्यावर कळतं. एक गोळी किंचित सावकाश निघाली तर तिला लक्ष्यापर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ती खाली पडत राहते. शंभर मीटरवर हा फरक जाणवत नाही. नऊशे मीटरवर मात्र नेम अगदी तोच असूनही गोळ्या वर-खाली लागतात.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या लेखात हे कशाला? कारण काडतूस कोणी भरायचं आणि कोणाच्या बंदुकीनं सरळ मारायचं, हा प्रश्न मी राहतो त्या उपनगरालाही चिकटलेला आहे आणि आपल्या मुलखालाही.

कॅसल हिलला तेव्हा सरकारी शेती होती आणि तिथे कैदी राबत; त्यांत आयरिश पुष्कळ. ४ मार्च १८०४ च्या रात्री एका झोपडीला आग लावून त्यांनी बंडाची खूण केली. आसपासच्या घरांतून बंदुका हिसकावल्या, भाले जमवले. दुसऱ्या दिवशी मेजर जॉन्स्टन २९ शिपाई आणि काही स्वयंसेवक घेऊन पाठलागावर निघाला. बोलणी करण्याच्या मिषानं त्यानं बंडाचा पुढारी फिलिप कनिंगहॅमला पकडलं आणि मग गोळीबार सुरू झाला. किमान पंधरा बंडखोर तिथे मेले, नऊ जणांना नंतर फाशी झाली. शिपायांच्या हाती होती ब्राउन बेस, म्हणजे नळीत आटे नसलेली ठासणीची बंदूक. कागदी पुडी दातानं फाडायची, थोडी दारू कानात, उरलेली नळीत, वरून गोळी ठासायची. घाईत कानात किती गेली आणि नळीत किती, याचा हिशेब दर वेळी वेगळा. त्यात गोळी नळीपेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटर बारीक! शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणं म्हणजे नवस बोलण्यासारखंच होतं.

याच्या सहा महिनेही आधी नव्हे, २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांची फौज वेलस्लीसमोर उभी होती. शिंद्यांच्या कवायती पलटणींची हत्यारं इंग्रजांच्या हत्यारांच्या जवळपास तोडीची होती. आग्र्याला त्यांचा स्वतःचा कारखाना होता. असईला आपण हरलो त्याची कारणं अनेक सांगता येतील, पण बंदूक दुय्यम होती हे त्यातलं नव्हे. दोन्ही बाजू सारख्याच बेभरवशाच्या बंदुका झाडत होत्या.

बंदूक दुय्यम केली गेली ती पुढे, आणि ठरवून. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डच्या नळीत आटे होते, ती शेकडो यार्डांवर खरा नेम देई. तिच्या चरबी लावलेल्या पुडीवरून १८५७ ला काय घडलं ते आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यानंतरची गोष्ट मात्र क्वचित वाचायला मिळते. हिंदी पलटणींसाठी त्याच एनफिल्डचे आटे नसलेले, गुळगुळीत नळीचे नमुने बनवले गेले. दिसायला रायफल, मारायला जुनी बंदूक. मला हा तपशील चरबीच्या पुडीपेक्षा जास्त बोचतो. अचूकता बनवता येत होती. तरीही ती काही हातांत पडू नये म्हणून पुसून टाकली गेली. पुढेही गोऱ्या पलटणींना नवी रायफल मिळाली की हिंदी पलटणींना तिच्या आधीची मिळे.

खडकीचा कारखाना १८६९ चा. कागदी पुडी जाऊन धातूचं काडतूस येत होतं तो हा काळ. दारू मोजण्याचं काम शिपायाच्या हातून कारखान्याकडे गेलं. म्हणजे एकासारखं एक काडतूस बनवण्याची विद्या पुण्याच्या वेशीवर आली, पण १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगायची बंदी केली. काडतूस बनवणाऱ्या गावालाही अर्थातच तोच कायदा.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरकरांचं मला विशेष वाटतं. तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य. दोघांचा प्रकार ५० मीटरचा, काडतूस .२२ चं. गंमत म्हणजे ते पुन्हा भरता येत नाही, कारण ठिणगी पाडणारा मसाला नळीच्या कडेतच भरलेला असतो आणि ती कड ठोक्यानं चेपते. मग या पातळीवरचे नेमबाज कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या रायफलीतून उडवून बघतात आणि जुळलेल्या खेपेचा साठा करतात. शेजारी तराजूवर जे साधतात, ते इथे निवडीनं साधायचं.

खडकीची माझ्या हातातली नळीही भरण्याजोगी नव्हती. जुन्या लष्करी .३०३ मध्ये टोपीखाली मधोमध एक भोक नसून दोन बारीक भोकं असतात, त्यामुळे साच्याची सुई जुनी टोपी ढकलू शकत नाही. ‘‘ठेव तुझ्याकडे,’’ शेजारी म्हणाले. मला गोळी विकत घ्यायलाही इथे परवाना लागतो, आणि तो घेण्याचा माझा विचार नाही. पण रिकामं नळकांडं टेबलावर ठेवायला हरकत नाही असं त्यांनी खात्रीनं सांगितलं. मग ते पुन्हा तराजूकडे वळले आणि मला पंखा बंद करायला सांगितला. वाऱ्यानं पारडं हलत होतं.