कांदा उत्पादक सरकारवर नाराज का? अनुदान आणि निर्यातबंदीचा हिशोब

नाशिक : अनुदान नको असं कांदा उत्पादक म्हणत नाही. पण सरकार एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने भाव पाडतं, हीच त्याची मुख्य तक्रार आहे.

निर्यातीचे नियम असे बदलले

• 19 ऑगस्ट 2023 : निर्यातीवर 40 टक्के शुल्क. तेव्हा उन्हाळ कांदा चाळीत होता.
• 29 ऑक्टोबर 2023 : किमान निर्यात मूल्य टनाला 800 डॉलर.
• 8 डिसेंबर 2023 : निर्यात बंद. लाल कांदा नुकताच मार्केटला येत होता.
• 4 मे 2024 : बंदी उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क राहिलं.
• 13 सप्टेंबर 2024 : अट गेली, शुल्क 20 टक्के.
• 1 एप्रिल 2025 : शुल्क रद्द.

उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. लाल कांद्याचं तसं नाही, काढला की विकावाच लागतो. त्यामुळे डिसेंबरच्या बंदीत लाल कांदावाल्याला थांबायला जागाच नव्हती. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडावा, हे सरकारचं कारण. पण त्याची किंमत शेतकऱ्यानेच का मोजायची, हा आपला सवाल.

मदत किती मिळाली?

फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये विकलेल्या कांद्याला राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं. मर्यादा 200 क्विंटल, म्हणजे जास्तीत जास्त 70 हजार. आता हिशोब बघा. भाव क्विंटलमागे 500 रुपयांनी पडला, तर तेवढ्याच कांद्यात एक लाख जातात. त्यात सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी, ही अट. ई-पीक पाहणी राहिलेल्यांची तेव्हा पळापळ झाली.

मग हवंय काय?

1980 च्या आंदोलनात शरद जोशींनी मागितला होता तोच रास्त भाव. लागवड ते विक्री नियम बदलू नका. नाफेडने खरेदी करायचीच तर बाजार समितीत लिलावात उतरून करावी, ही मागणीही जुनीच.

तोवर एवढं करा : दर हंगामात ई-पीक पाहणी करा, विक्रीची पट्टी जपून ठेवा. उद्या अनुदान निघालं तर आधी हेच दोन कागद मागतील.