आधी शिळा, मग औषध

मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावात एका कुत्र्याची शिळा होती. आज ती बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. काळ इसवी सन ९४९-५०. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा साथीदार गंग राजा दुसरा बूतुग यांनी तक्कोलमच्या रणांगणावर चोळांना हरवले, चोळ युवराज राजादित्य तिथेच पडला. बूतुग आपल्या मणलेर नावाच्या वीरावर खूश झाला आणि म्हणाला, हवे ते माग. मणलेराने राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे बेळतूरजवळच्या डोंगरात काळीने एका दांडग्या रानडुकराशी झुंज घेतली आणि दोघेही मेले. मणलेराने चल्लेश्वराच्या देवळासमोर शिळा उभी केली, तिच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली आणि शिळेची पूजा केल्याशिवाय पुजाऱ्याने जेवायचे नाही, असे कोरून ठेवले. कुत्रा आणि डुक्कर आजही त्या दगडावर एकमेकांना भिडलेले दिसतात.

धारवाडच्या शाळेत इतिहास शिकवताना हा शिलालेख मी दर वर्षी सांगत असे. तक्कोलम कुठे आहे हे मुले विसरत, काळीला विसरत नसत. आम्ही मराठी घरातले, त्यामुळे जोडीला साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्याही सांगायचे. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवले. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखी दिली आणि एका दरबारात त्याला जरीचे कपडे, दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हे नोंदवले आहे. संगम माहुलीला खंड्याची समाधी आहे.

या दोन्ही हकीकती मला फार प्रिय आहेत. पण आमची कुत्री चिंगी आजारी पडल्यावर मी त्या पुन्हा वाचल्या, आणि दोन्हींत जे नाही ते डोळ्यांत भरले. काळीच्या जखमा कोणी धुतल्या? खंड्या म्हातारा झाला, त्याचे दात पडले, अंगावर गाठी आल्या, तेव्हा त्याच्याजवळ कोण बसत होते? घोड्यांसाठी आपल्याकडे शालिहोत्राचे शास्त्र होते, हत्तींसाठी पालकाप्याचे. आमच्या या मुलखावर राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात कुत्र्यांच्या शिकारी विनोदाला स्वतंत्र प्रकरण दिले. कुत्र्याच्या शौर्याला जमीन, पालखी, दगड सगळे मिळाले. त्याच्या दुखण्यासाठी दवाखाना मिळायला मात्र अगदी आपला काळ उजाडावा लागला, आणि तो दवाखानाही मुळात कुत्र्यासाठी उघडलेला नव्हता.

१९५६ पर्यंत धारवाड जिल्हा आधी मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात होता. औषध, डॉक्टर, नवी लस, सगळे मुंबईकडून येई. १८९८ मध्ये प्लेगने हुबळी-धारवाडला विळखा घातला, तेव्हा हाफकिनची लस इथे हजारो माणसांना टोचली गेली. जनावरांचे डॉक्टरही मुंबईचेच. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्या आधाराने १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झाले. तिथून शिकून निघालेले पदवीधर इलाख्यातल्या जिल्ह्यांत गेले. त्यांच्यापुढे काम होते बैलांचे. धारवाडचा कापूस बैलगाडीवर चाले, काळी जमीन बैलावर नांगरली जाई, आणि बुळकांड्याची साथ आली की गावेच्या गावे बैलांवाचून उघडी पडत. डॉक्टर बैलाकडे आधी धावला, यात त्याची काही चूक नव्हती.

सरकारी कागदांत कुत्रा आला तो पिसाळलेला म्हणूनच. मुंबईत १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला. गोऱ्या सरकारच्या काळात कुत्र्यासाठी शहर बंद पाडणारी ती माणसे, त्यांच्याविषयी मला मोठा आदर आहे. कसौलीला १९०० मध्ये आणि कुन्नूरला १९०७ मध्ये पाश्चर संस्था निघाल्या, त्या चावलेल्या माणसासाठी. आमच्या लहानपणी कुत्रा म्हटला की पोटातली चौदा इंजेक्शने आठवत, आणि आई दाराला कडी लावी.

माया करणारी माणसे तेव्हाही होती. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आमच्या कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचे गुरू, यांच्याजवळ टिपू नावाचा कुत्रा होता. त्याला त्यांनी सूर लावायला शिकवले होते आणि ते त्याला लोकांपुढे बसवत. मुधोळच्या घोरपडे राजांनी, विशेषतः मालोजीरावांनी, तिथल्या लांब पायांच्या शिकारी जातीची निगा राखली. २००५ मध्ये मुधोळ हाउंडवर टपाल तिकीट निघाले, आज मुधोळजवळ तिम्मापूरला त्या जातीचे संशोधन केंद्र आहे. पण मुधोळ म्हणजे जात आणि रक्त. चिंगीला जात नव्हती. ती माळमड्डीच्या नाक्यावर पावसात सापडलेली, तपकिरी, एक कान मोडलेला.

तिला खालून रक्त जाऊ लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, माजावर आली असेल. पण रक्त थांबेना. डॉक्टरांनी बोट घालून पाहिले, आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ लागली. काचपट्टीवर तिचा ठसा घेतला, रंगवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. गोल गोल पेशी, त्यांच्यात पोकळ बुडबुडे. हा कुत्र्यांच्या संगातून पसरणारा कर्करोग, आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत सर्रास आढळणारा.

या आजाराचा इतिहास कळला तेव्हा ज्याच्या सनावळ्या मी आयुष्यभर मांडल्या त्या विषयाने मला पुन्हा विद्यार्थिनी केले. रशियात म्स्तिस्लाव नोविन्स्की नावाच्या पशुवैद्याने १८७६ मध्ये एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवला. एका जीवाचा कर्करोग दुसऱ्यात यशस्वीपणे रुजवण्याचा तो पहिला प्रयोग मानतात. कर्करोगाच्या प्रयोगशाळेचे दारच कुत्र्याच्या अंगावरून उघडले. पुढे केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या कुत्र्यांच्या गाठींचे जनुक वाचले, आणि जे निघाले ते ऐकून मी कितीतरी वेळ गप्प होते. इथे विषाणू नाही, जंतू नाही, पेशीच कुत्र्याकडून कुत्र्याकडे जातात. त्या पेशी सगळ्या एकाच कुत्र्याच्या. हजारो वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी एका कुत्र्याला ही गाठ झाली. २०१९ च्या हिशेबाने चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी. तो कुत्रा मेला, त्याची गाठ मेली नाही. संगातून पुढे, तिथून पुढे, मग जहाजांवरच्या कुत्र्यांबरोबर समुद्रापार. काळीच्या शिळेला हजार वर्षे झाली म्हणून मी तिला प्राचीन म्हणत होते. चिंगीच्या अंगातली पेशी त्या शिळेपेक्षा कितीतरी जुन्या कुत्र्याची होती.

औषधाचे नाव व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीतून निघते. होय, आपल्या अंगणातली, तुळशीच्या शेजारची, कुणी पाणी घालो न घालो फुलणारी सदाफुली, मूळची मादागास्करची. कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे १९५२ मध्ये जमैकातून तिची पाने आली. तिथे लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. मधुमेहावर काही हाती लागले नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन वेगळे केले. अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा याच झाडावर काम करत होते, तिथून व्हिन्क्रिस्टीन आले आणि १९६३ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. रक्ताच्या कर्करोगाने दगावणारी किती मुले त्याने वाचली. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. पेशी दुभंगताना तिच्या आत जे धागे तयार होतात, ते हे औषध बनू देत नाही. वेगाने वाढणारी पेशी अर्ध्या वाटेत अडकून मरते.

कुपी आणायला मी हुबळीला गेले. मोठ्या रुग्णालयासमोरच्या औषधाच्या दुकानात माणसांच्या चिठ्ठ्यांत माझी चिठ्ठी. पेशंटचे नाव चिंगी, वजन तेरा किलो. दुकानदाराने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले, मग वहीत नीट अक्षरात ‘चिंगी’ लिहिले. औषध थंड ठेवावे लागते, म्हणून थर्मासमध्ये बर्फ घातला होता. धारवाडपर्यंतचे वीस किलोमीटर तो थर्मास मी मांडीवर धरून बसले. रिक्षावाल्याने विचारले, “नायिगू क्यान्सर बर्तैतेन्री?” होतो बाबा, कुत्र्यालाही होतो.

सरकारी दवाखान्यात रांग होती ती गाई-म्हशींची आणि शेळ्यांची. कलघटगीकडून आलेल्या एका शेतकऱ्याने कर्करोगाचे नाव ऐकले आणि आपल्या बैलाची हकीकत सांगायला सुरुवात केली. बैलाच्या शिंगाचा कर्करोग. शिंग आतून पोखरते, बैल मान तिरकी करतो, रक्त येते, शिंग मुळापासून कापावे लागते. आमच्या भागातल्या पशुवैद्यांना कर्करोग आधी कळला तो या बैलांच्या शिंगांत. तो माणूस म्हणाला, शिंग कापल्यानंतर बैल तीन वर्षे नांगराला चालला अक्का, तुमचे कुत्रे जगेल. आणि त्याने मला रांगेत पुढे केले. बैलासाठी शिकलेला हात, बैलासाठी बांधलेला दवाखाना, आणि बैलवाल्याचा धीर, चिंगीला हे तिन्ही मिळाले.

दर आठवड्याला एक इंजेक्शन, पुढच्या पायाच्या शिरेत. थेंबभर औषध शिरेबाहेर गेले तरी तिथले कातडे सडते, म्हणून कुत्र्याने हलायचे नाही. मी तिचे डोके छातीशी धरायची आणि कानात बोलत राहायची. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचे. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या खाली गेल्या तेव्हा डॉक्टरांनी तो आठवडा सोडून दिला, म्हणाले, औषध पळून जात नाही बाई, हिला सावरू द्या. त्या दिवसांत तिला बाहेरच्या कुत्र्यांत सोडले नाही, ताप बघत राहिले. इंजेक्शननंतरचे दोन-तीन दिवस हातमोजे घालून तिच्या लघवीवर भरपूर पाणी ओतायचे, कारण औषध शरीरातून बाहेर पडत असते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे आणखी काटेकोरपणे.

खाण्याचे हाल सर्वांत मोठे. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी ती भाकरीला तोंड लावत नसे. ज्वारीची भाकरी दुधात कालवून, मग ताकात भिजवून, शेवटी मऊ भात आणि उकडलेले अंडे थोडे कोमट करून हातावर. कोमट केले की वास येतो, आणि मळमळणारे कुत्रे वासाने जवळ येते. उलटी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली होती, ती अंड्याच्या पिवळ्यात. तिला कुठे उठवायचे नाही, खेळायला बोलवायचे नाही, फक्त तिच्या कोपऱ्याजवळ आपले पुस्तक घेऊन बसायचे. ती डोळे उघडून बघते, आपण आहोत हे पाहते, पुन्हा डोळे मिटते. आजारी माणसाची शुश्रूषा केलेल्या कोणालाही हे शिकवावे लागत नाही.

रक्त आधी थांबले. मग गाठ आक्रसू लागली, आणि एक दिवस डॉक्टरांना बोटाला काही लागले नाही. या आजारात बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. इतर कर्करोगांचे तसे नाही. लसिकाग्रंथींचा कर्करोग औषधाने दबतो, पुन्हा उठतो. कुत्रीच्या आचळांतल्या गाठी लवकर कापल्या तरच भले, आणि पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर त्या सहसा होतच नाहीत. कुत्र्यासाठी म्हणून अमेरिकेत मंजूर झालेले कर्करोगाचे पहिले औषध आले ते २००९ मध्ये. तोवर तिथल्या कुत्र्यांनीही माणसांच्या कुपीतलेच औषध घेतले. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटांचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय उघडले. आमच्याकडून अवघड आजाराचे कुत्रे बंगळूरला न्यावे लागते, आणि रात्रभराच्या त्या प्रवासाचा खर्च नि ताकद किती घरांत असणार? हुबळी-धारवाडात हे सगळे व्हायला हवे. माणसांच्या कर्करोगाचे रुग्णालय नवनगरला आहे, तसा प्राण्यांसाठी निदान एक विभाग.

चिंगी बरी झाल्यावर तिची नसबंदी केली. हा आजार संगातून जातो. इंग्लंडमध्ये मोकाट कुत्र्यांना आवर बसला आणि तो तिथून नाहीसाच झाला. म्हणजे एका चिंगीला बरे करून आमची गल्ली बरी होत नाही. देवळामागे एक पिवळा नर असतो, त्याच्या लिंगावर तीच गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, धरून आणा, मी टोचतो. दर आठवड्याला तोच मोकाट कुत्रा हाती लागणे सोपे नाही, पण शेजारच्या शाळकरी मुलांनी त्याला रोज संध्याकाळी ठरावीक वेळी अंडे घालून आमच्या फाटकाशी सवयीचे केले आहे. मुलांनी त्याचे नाव काळी ठेवले, पिवळा असूनही. पहिले इंजेक्शन झाले. दुसरे येत्या बुधवारी, कुपी थर्मासमध्ये घालून मुलांपैकी एक जण माझ्याबरोबर येणार आहे.