उजवी बाहुली : १२ एप्रिल १९४५

मार्च १९४४. बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हृदयविकारतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांना पहिल्यांदा तपासलं. रक्तदाब १८६/१०८, हृदय वाढलेलं. हाताशी होतं ते डिजिटॅलिस, कमी मीठ, विश्रांती आणि कमी सिगारेटी. रक्तदाब नेमाने उतरवणाऱ्या साध्या गोळ्या यायला १९५८ उजाडायचं होतं.

१२ एप्रिल १९४५, सकाळी ९.२०. जॉर्जियातलं वॉर्म स्प्रिंग्ज. थोडं डोकं दुखतंय, मान आखडलीय, एवढीच तक्रार. मान जरा चोळल्यावर बरं वाटलं.

दुपारी १. रुझवेल्ट खुर्चीत बसून कागदपत्रं पाहत आहेत. समोर एलिझाबेथ शूमाटॉफ त्यांचं चित्र रंगवत आहेत.

१.१५. डोक्याच्या मागे भयंकर कळ आल्याचं रुझवेल्ट यांनी सांगितलं आणि त्यांची शुद्ध हरपली. मेंदूला स्वतःची वेदना कळत नाही. दुखतात ती त्याची आवरणं आणि रक्तवाहिन्या. पुढच्या भागातली वेदना मेंदूतून निघणारी पाचवी नस वाहून नेते, मागच्या तळाकडची मानेच्या वरच्या नसा. म्हणूनच सकाळची आखडलेली मान मला किरकोळ वाटत नाही.

१.३०. ब्रून पोचले तेव्हा रुझवेल्ट फिकट पडले होते, अंग गार, घामाने डबडबलेलं. रक्तदाबाचा वरचा आकडा ३०० च्या पुढे, खालचा १९०. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. काही मिनिटांतच उजवी रुंदावली.

त्या दुपारची सगळ्यात भयंकर नोंद हीच. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. तेराशे-चौदाशे ग्रॅमचा मेंदू, रक्त आणि मेंदूजल यांनी तो आधीच भरलेला असतो. आत रक्त फुटलं की त्याला जागा फक्त मेंदूला रेटूनच मिळते. मग कानाजवळ असलेल्या मेंदूच्या खंडाची आतली कड, मोठ्या आणि लहान मेंदूमधल्या ताठ पडद्याच्या काठावरून खाली घसरते. तिथूनच तिसरी नस जाते. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. त्यांतली ही जोडी डोळा फिरवते, पापणी उचलते आणि बाहुली आकुंचित करते. बाहुलीचे तंतू नसेच्या बाहेरच्या अंगाला असतात, त्यामुळे दाब आधी त्यांना भोवतो. सीटी स्कॅन यायला अजून २६ वर्षं होती. कवटीच्या आत काय चाललंय ते डॉक्टरांना या बाहुलीतूनच वाचावं लागत होतं.

रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी पॅपॅव्हरिन आणि अमाइल नायट्राइट दिलं गेलं.

२.४५. रक्तदाब २४०/१२०. चेहऱ्याचा रंग सुधारला. नातलगांना या घटकेला आशा वाटली असेल तर त्यांना कसा दोष द्यायचा?

३.१५. २१०/११०. उजवी बाहुली तशीच रुंद, आता डावीही रुंदावू लागली. अंग मधूनच ताठ होत होतं. दाब एका बाजूपुरता राहिला नव्हता. तो मेंदूच्या देठाकडे उतरत होता.

३.३१. श्वास थांबला. या देठाचा तळ म्हणजे लंबमज्जा. गिळणं, आवाज, जिभेची हालचाल सांभाळणाऱ्या नसा इथून निघतात. हृदयाची गती आवरणारी दहावी नस, व्हेगस, तीही इथलीच. हृदयाला स्वतःचा ठोका असतो, श्वासाला मात्र लंबमज्जेच्या हुकमाशिवाय गती नाही. कृत्रिम श्वास दिला, अटलांटाहून धावून आलेल्या डॉ. जेम्स पॉलिन यांनी ॲड्रेनालीनचं इंजेक्शन दिलं.

३.३५. मृत्यू घोषित. वय ६३. शवविच्छेदन झालं नाही.

संध्याकाळी ७.०९. वॉशिंग्टनमध्ये हॅरी ट्रुमन यांचा शपथविधी झाला. मेंदूतला हा रक्तस्राव अनपेक्षित होता, असं अध्यक्षांचे मुख्य वैद्य रॉस मॅकइन्टायर यांनी पत्रकारांना सांगितलं. चढत्या रक्तदाबाच्या वर्षभराच्या नोंदी ब्रून यांच्याकडे होत्या. त्या लोकांसमोर आल्या १९७० साली, एका वैद्यकीय नियतकालिकात.