आडवा वारा आणि डाकोटा

वाऱ्याला तोंड द्यावें, पाठ दाखवूं नये, हा नियम विमानविद्येच्या बाल्यावस्थेंत अक्षरशः पाळला जाई. समोरून वारा असला म्हणजे जमिनीवरचा वेग कमी होतो व विमान थोडक्या जागेंत थांबतें. तेव्हांचे विमानतळ म्हणजे बहुधा चौफेर मोकळीं मैदानें. वारा जिकडून येई तिकडे तोंड करून वैमानिक उतरे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस आले, तो तळहि समुद्रकांठच्या कच्च्या जमिनीचाच होता. पावसाळ्यांत तेथें चिखल होई, आणि टाटांच्या विमानांस पुण्याचा आश्रय घ्यावा लागे.

पुढें विमानें जड झालीं व पक्क्या धांवपट्ट्या बांधणें प्राप्त झालें. परंतु पट्टी बांधली कीं दिशाहि बांधली गेली; वारा मात्र मोकळाच राहिला. आडव्या वाऱ्यांत विमान उतरविण्याची बिकट समस्या ही अशी सुधारणेच्याच पोटीं वाढीस लागली.

या बाबतींत वैमानिकांची कसोटी पाहणारें विमान म्हणजे डाकोटा. १७ डिसेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालेलें हें अमेरिकन डग्लस डीसी-३ दुसऱ्या महायुद्धांत सैनिकी वेषानें जगभर पोंचलें. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं श्रीनगरला आपले सैनिक उतरविले ते याच जातीच्या विमानांनीं. पंखांचा विस्तार ९५ फूट. दोन मोठीं चाकें पुढें, तिसरें लहान चाक शेपटीखालीं. त्यामुळें भाराचा मध्य मोठ्या चाकांच्या मागें पडे. पुढून ओढलेली हातगाडी सरळ येते, मागून ढकललेली जरा कलली कीं आडवी होऊं पाहते. डाकोटाची जमिनीवरील प्रकृति या दुसऱ्या गाडीसारखी होती. त्यांत उंच शेपटीवर वारा आदळला कीं विमानाचें नाक वाऱ्याकडे वळूं लागे.

म्हणून कसलेला वैमानिक वाऱ्याकडील पंख किंचित् झुकवी, विरुद्ध पायानें सुकाणूं दाबून नाक पट्टीच्या रेषेंत धरी, आणि वाऱ्याकडील चाक प्रथम टेकवी, मग दुसरें. शेपटी तो कांहीं काळ वरच ठेवी, कारण वेग आहे तोंवर सुकाणूंस हवेचा जोर मिळतो. खरा धोका त्यानंतरचा. वेग ओसरे, शेपटी खालीं येई, सुकाणूं दुबळें होई. वारा मात्र तितकाच राही. त्या क्षणीं पाय, ब्रेक व दोन एंजिनांचा कमीअधिक जोर यांवरच सारी भिस्त. चूक वेळीं सांवरली नाहीं, तर विमान स्वतःभोंवतीं गरकन फिरे व पंख जमिनीस घासण्याची भीति असे. चाकें टेकलीं कीं प्रवाशांस हायसें वाटे. वैमानिकाचें काम विमान थांबेपर्यंत संपत नसे.

१९४८ च्या बर्लिन-वेढ्यांत आरंभीं डाकोटांनींहि अन्न व कोळसा वाहिला. थोड्याच महिन्यांत अमेरिकनांनीं त्यांच्या जागीं चार एंजिनांचीं सी-५४ विमानें आणलीं. तीं सुमारें तिप्पट ओझें नेत. शिवाय त्यांचें तिसरें चाक नाकाखालीं असून भाराचा मध्य मोठ्या चाकांच्या पुढें येई. त्यामुळें तिरपें टेकलेलें विमान आपणच सरळ होऊं पाही. पायांचें पुष्कळसें काम रचनेनें पत्करलें.

ही प्रगति इष्टच होय. तथापि इतिहास लिहितांना आपण धांवपट्टीची लांबी आणि यंत्राचें सामर्थ्य नोंदतों. एक सुधारणा व तिच्या दोषावरील उतारा यांच्यामधल्या काळांत तिचें मोल कोणी भरलें, हें विसरतों. डाकोटाच्या पिढींत तें मोल वैमानिकांनीं आपल्या पायांनीं, दर उतरणीस, निमूटपणें भरलें.