हैदराबादचं नाव लावणारं स्पिटफायर

हैदराबाद संस्थानाकडे स्वतःच्या लढाऊ विमानांचं दल कधीच नव्हतं. तरीही ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये हैदराबादचं नाव लावणाऱ्या तीन स्क्वाड्रन होत्या : ११० (हैदराबाद), १५२ (हैदराबाद) आणि २५३ (हैदराबाद स्टेट). आपल्या मंडळींना हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘म्हणजे बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये आपण लढलो!’ सध्या मी १५२ स्क्वाड्रनच्या एका स्पिटफायरची प्रतिकृती बांधतो आहे. एकेक खूण चिकटवताना त्या ‘आपण’ शब्दाचा अर्थ तपासून बघावासा वाटला, म्हणून हे टिपण.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ११० स्क्वाड्रनच्या डी.एच. ९ ए जातीच्या बाँबर विमानांचा खर्च उचलला. १९१८ च्या सप्टेंबरमध्ये ती फ्रान्सला गेली. विमानाच्या नाकावरच निजामांच्या देणगीचा मजकूर रंगवलेला असे. त्यातलं एफ १०१० क्रमांकाचं विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागलं. ते पुढे बर्लिनच्या संग्रहालयात मांडलं गेलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंडला पोहोचलं. १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात ते ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे परत आलं. निजामाच्या पैशाने घेतलेलं विमान परत मिळवायला स्पिटफायर मोजावं लागलं, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

१९१८ मध्येच निजामांना ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ आणि ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू मित्र’ हे दोन किताब मिळाले. दुसरा किताब लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर निजामांनी पुन्हा देणगी दिली आणि १५२ व २५३ या दोन नव्या स्क्वाड्रनना हैदराबादचं नाव मिळालं. २५३ कडे हरिकेन होती, १५२ कडे आधी ग्लॅडिएटर आणि मग स्पिटफायर. १९४० च्या उन्हाळ्यात १५२ दक्षिण इंग्लंडमधल्या वॉर्मवेल तळावरून लढली. तिच्या अधिकृत बोधचिन्हात चक्क निजामांची दस्तार आहे, आणि खाली ब्रीद : ‘विश्वासू मित्र’. मात्र दस्तारीखाली उडणारे वैमानिक ब्रिटिश होते, काही पोलिशही होते. हैदराबादचं तिथे होतं ते नाव आणि पैसे.

आता माझ्या टेबलावरचं विमान. बॅटल ऑफ ब्रिटनचं स्पिटफायर सगळेच करतात, म्हणून मी १५२ चा ब्रह्मदेश आघाडीवरचा काळ निवडला. उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली करत ही स्क्वाड्रन १९४३ च्या अखेरीला भारतात आली आणि पुढे तिने स्पिटफायर मार्क आठ वापरलं. १:४८ प्रमाणात पंखांची लांबी साधारण २३ सेंटिमीटर भरते. जोडकाम सरळ आहे. पंख-धडाच्या सांध्यात थोडी पुट्टी, मग सँडपेपर, प्रायमर, रंग. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये एअरब्रशच्या तोंडाशीच रंग सुकतो, तेव्हा हे काम पहाटे उरकलेलं बरं.

खरी मजा खुणांची. ब्रिटिश विमानावरच्या चक्राच्या मध्यभागी लाल ठिपका असतो, हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. या विमानावर तो नाही. जपानी विमानांवर लाल गोळा असे. जंगलावरून वेगाने जाताना नुसता लाल रंग चमकला तरी आपलेच लोक गोळी घालतील, या भीतीने पूर्वेकडच्या आघाडीवर चक्रातला लाल रंगच काढून टाकला. उरलं गडद निळं कडं आणि आत फिकट मध्य. त्या चक्रावरून १५२ च्या लोकांनी झेप घेणारा काळा पँथर रंगवला होता. प्रतिकृतीत आधी चक्राचं डिकल बसवायचं, ते पूर्ण सुकू द्यायचं, मगच त्यावर पँथर. घाई केली की दोन्ही सरकतात.

काम पुरं होत आल्यावर लक्षात येतं ते असं : चक्र आहे, पँथर आहे, ‘यू.एम.’ ही स्क्वाड्रनची अक्षरं आहेत, पण हैदराबाद कुठेच लिहिलेलं नाही. १९१८ मध्ये नाकावर मिरवणारं नाव आता फक्त कागदपत्रांत आणि कंसात उरलं. रंग लावणाऱ्यांना दस्तारीपेक्षा पँथर जवळचा वाटला असणार. त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांनी हैदराबाद पाहिलंच कुठे होतं?

मग पैसे कोणाचे? संस्थानात १६ जिल्हे होते, त्यातले पाच मराठवाड्याचे. देणगी दिवाणी खजिन्यातली असो की सर्फ-ए-खास म्हणजे निजामांच्या खासगी मुलखातली, तिच्या मुळाशी शेतसारा भरणारी रयत होती. औरंगाबाद-परभणीचा कुणबी त्यात होता आणि नलगोंड्याचा रयतही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. १९३८ मध्ये घातलेली स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. म्हणजे इंग्लंडच्या आकाशात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या विमानांचे पैसे जिथून गेले, तिथे जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्यांना संघटनाही उघड चालवता येत नव्हती.

शेवटचा हिशेब सप्टेंबर १९४८ चा. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, तेव्हा भारतीय हवाई दलाची टेंपेस्ट विमानं वर होती. त्यांना अडवायला निजामांकडे एकही लढाऊ विमान नव्हतं. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रं आणत होता, तेवढाच काय तो हवाई आधार. ज्या ‘विश्वासू मित्रा’ची दस्तार एका स्क्वाड्रनने बोधचिन्हात घेतली, त्याच्या मदतीला लंडनहून एकही विमान आलं नाही. १७ तारखेला निजामांनी शरणागती पत्करली. ज्यांच्या साऱ्यातून देणग्या गेल्या होत्या, त्या मराठवाड्यात आजही हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो.

एवढं सगळं असूनही हे विमान बांधावं का? माझ्या मते जरूर बांधावं. ते आपल्या इतिहासाचा भाग आहेच, फक्त ‘आपण लढलो’ या अर्थाने नाही. मंडळाच्या कपाटात ठेवताना त्याच्या पाटीवर मी एवढंच लिहिणार आहे :

‘स्पिटफायर मार्क आठ, १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन, ब्रह्मदेश आघाडी, १९४४-४५. नाव निजामांच्या देणगीमुळे. वैमानिक परदेशी. पैसा रयतेचा.’